शस्त्रक्रियेनंतरची प्रथिने: दुधाची पूड, प्रोटीन पावडर आणि इतर पर्यायांचे परीक्षण

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना आहाराच्या ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत सर्वांत वरची सूचना प्रथिनांची असते. दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि काहींना आदर्श वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते. एरवी हा आकडा फारसा मोठा वाटला नसता. पण स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो आणि बायपासमध्ये, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, अन्न प्रथम ज्या पिशवीत उतरते तिची क्षमता सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरच्या आसपास असते. अशा वेळी हेच ६० ग्रॅम पोटात बसवायचे कुठे, हा रोजचा प्रश्न होऊन बसतो. नेमक्या याच काळात प्रोटीन पावडरचे डबे, तयार पेयांच्या बाटल्या आणि बार यांच्या जाहिराती समोर येतात, आणि अशक्तपणाच्या भीतीने माणूस दिसेल ते विकत घेतो. माझ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर मी यांतले बहुतेक प्रकार वापरून पाहिले, त्यांची लेबले वाचली आणि हिशेब मांडले. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नसून त्या त्या प्रकाराचे आहे. माझे मत आधीच सांगते. या यादीतला सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित पदार्थ म्हणजे साय काढलेल्या दुधाची साधी पूड, आणि महागड्या डब्यांची खरी गरज बहुतेकांना सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांपुरतीच असते.

कुठलाही पदार्थ पारखताना मी दोन मापे लावते. पहिले माप एका ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडतात याचे, आणि दुसरे माप एका घासात किती प्रथिने मावतात याचे. शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाला पहिले माप पुरते, पण आपल्याला दुसऱ्यावाचून चालत नाही. उदाहरणार्थ, शंभर ग्रॅम साध्या दह्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, शिजवलेल्या मसुरात नऊ, पाणी निथळलेल्या घट्ट दह्यात नऊ-दहा, तर शिजवलेल्या माशात बावीस ते पंचवीस. सुरुवातीच्या महिन्यांत एका जेवणाला अर्धी वाटीसुद्धा जड जाते, तेव्हा साधे दही कितीही स्वस्त असले तरी त्यावर दिवस निभत नाही, कारण त्याने पोट भरते आणि प्रथिनांचा हिशेब मात्र मागेच राहतो.

पैशांचा हिशेब करण्याची रीत सोपी आहे. पाकिटावर शंभर ग्रॅममागे किती प्रथिने लिहिली आहेत ते पाहावे, त्यावरून पूर्ण पाकिटात किती ग्रॅम प्रथिने आहेत ते काढावे आणि पाकिटाच्या किमतीला त्या आकड्याने भागावे. तीस ग्रॅमच्या मापात चोवीस ग्रॅम प्रथिने देणाऱ्या प्रोटीन पावडरच्या एक किलोच्या डब्यात ८०० ग्रॅम प्रथिने असतात, आणि एक किलो स्किम्ड दुधाच्या पुडीत साधारण ३५० ग्रॅम. याचा अर्थ असा की दुधाच्या पुडीची किलोची किंमत त्या डब्याच्या किमतीच्या चाळीस टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर प्रत्येक ग्रॅममागे दुधाची पूडच स्वस्त पडते. दुकानात उभे राहून हा भागाकार करायला मिनिटभरही लागत नाही. डब्यावर ठळक छापलेल्या 'प्रत्येक मापात इतके ग्रॅम' या ओळीपेक्षा तो कितीतरी अधिक खरे सांगतो, कारण मापाचा आकार प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवत असतो.

आता दुधाच्या पुडीविषयी थोडे सविस्तर लिहिते. तिच्यात सुमारे ३५ टक्के प्रथिने असतात, स्निग्धांश जवळजवळ नसतो आणि कॅल्शियम भरपूर असते. ही प्रथिने दुधाचीच, म्हणजे मुख्यतः केसीन आणि थोडे व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली प्रथिने) अशी असतात, आणि शरीराला लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, त्यांत आहेत. दोनशे मिलिलिटर साय काढलेल्या दुधात सात ग्रॅम प्रथिने असतात. त्यात वीस ग्रॅम पूड, म्हणजे सपाट भरलेले तीन मोठे चमचे, मिसळली की प्रथिने चौदा ग्रॅम होतात आणि पेल्यातली पातळी जेमतेम वाढते. ज्याच्या पोटात जागाच कमी आहे, त्याच्यासाठी तेवढ्याच घोटांत दुप्पट प्रथिने मिळणे ही फार मोठी सोय आहे. पूड थेट पेलाभर दुधात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन चमचे कोमट दुधात तिची पेस्ट करून घ्यावी, मग उरलेले दूध घालावे आणि शक्य असल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी ते दूध एकजीव होते आणि पुडीचा वासही बराच कमी झालेला असतो.

या पुडीचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे ती उष्णता सहन करते. व्हे पावडर गरम सूपमध्ये टाकली की साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तिची प्रथिने आकार बदलून एकमेकांना चिकटतात, आणि सूपमध्ये रबरासारखे कण तरंगू लागतात. दुधाच्या पुडीतले केसीन मात्र उकळीलाही टिकते, त्यामुळे ती गरम सूप, शिजवलेला भोपळा, कुस्करलेला बटाटा किंवा दलिया यांत चवीला फारसा धक्का न लावता मिसळून जाते. तिला आंबटपणा मात्र चालत नाही. टोमॅटोच्या सूपमध्ये ती फाटते, म्हणून तिथे ती अगदी शेवटी आणि सूप थोडे निवल्यावर घालावी, किंवा घालूच नये. घरी दही लावणाऱ्यांनी विरजण घालण्याआधी दुधात ही पूड मिसळून पाहावी. दही घट्ट लागते, त्यातली प्रथिने वाढतात आणि विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज वापरून टाकत असल्याने ते पचायलाही हलके जाते.

तिचा मोठा दोषही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवा. या पुडीचा जवळजवळ अर्धा भाग लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असतो. वर सांगितलेल्या पेल्यात दूध आणि पूड मिळून सुमारे वीस ग्रॅम लॅक्टोज होते. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, आधी दूध उत्तम पचणाऱ्यांनाही ते पचेनासे होऊ शकते, आणि मग पोट फुगणे, कळा, जुलाब सुरू होतात. ज्यांना लॅक्टोज पचत नाही अशांपैकीही पुष्कळांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत ते सोसते, म्हणून तो पेला दोन भागांत, मध्ये काही तास सोडून, सावकाश घोटाघोटाने घेतला तर बऱ्याच जणांचे भागते. तरीही त्रास होत असेल तर हट्ट करू नये आणि लॅक्टोजमुक्त दूध किंवा व्हे आयसोलेट, म्हणजे लॅक्टोज अगदी थोडे असलेली व्हे पावडर, यांकडे वळावे. बायपास झालेल्यांनी डम्पिंगचीही आठवण ठेवावी. साखर एकदम लहान आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते, आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाण्याचा दुसरा झटकाही येऊ शकतो.

खरेदी करताना एका गोष्टीत फार काळजी घ्यावी. चहा-कॉफीत घालायच्या पांढऱ्या पुडीची पाकिटे दुधाच्या पुडीच्या शेजारीच मांडलेली असतात आणि दिसायलाही सारखीच असतात. त्यांतल्या काहींत बरीच साखर मिसळलेली असते, तर काहींत दूध नावापुरते असून मुख्य घटक ग्लुकोज सिरप आणि वनस्पती तेल हे असतात. घटकांच्या यादीत 'साय काढलेल्या दुधाचे घन पदार्थ' एवढेच लिहिलेले असावे आणि प्रथिने शंभर ग्रॅमला चौतीस-पस्तीसच्या पुढे असावीत. सायीसकट दुधाच्या पुडीत प्रथिने २६ टक्क्यांच्या आसपास आणि जवळपास तेवढीच चरबी असते, म्हणून आपल्या कामाला ती कमी पडते.

प्रोटीन पावडरची बाजू आता न्यायाने मांडते, कारण ती टाकाऊ वस्तू नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत आहार द्रवरूप असतो, जखमा भरून येत असतात, शरीर स्नायू मोडून खायला लागण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि तेव्हा मोजक्या घोटांत वीस-बावीस ग्रॅम प्रथिने देणारी दुसरी सोयीची गोष्ट सहज सापडत नाही. व्हेचे दोन मुख्य प्रकार दुकानात मिळतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रथिने असतात आणि बाकीच्या भागात लॅक्टोज व थोडी चरबी येते. आयसोलेटमध्ये प्रथिने ९० टक्क्यांच्या आसपास असून लॅक्टोज अगदी थोडे असते. किंमत पाहिली तर कॉन्सन्ट्रेट स्वस्त आहे, आणि ज्याला दूध पचते त्याने आयसोलेटसाठी जादा पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. ज्याला दूध पचत नाही त्याच्यासाठी मात्र तो खर्च योग्य आहे. दूध अजिबात न घेणाऱ्यांसाठी सोया आयसोलेटही प्रथिनांच्या गुणवत्तेत पुरेसे चांगले आहे.

पण शस्त्रक्रियेच्या आधीच मोठा डबा भरून ठेवू नये, असे मी मनापासून सांगेन. शस्त्रक्रियेनंतर अनेकांची चव आणि वासाची जाणीव बदलते, गोड नकोसे होते, आणि आधी आवडलेली चॉकलेटची चव घशाखाली उतरत नाही. एका वेळेपुरत्या लहान पुड्या मिळतात. त्या महाग पडत असल्या तरी आधी त्या आणून पाहाव्यात आणि मगच डबा घ्यावा. मला बिनचवीची पावडर सर्वांत उपयोगी वाटली, कारण ती गोड पेयात जशी चालते तशी निवलेल्या मिठाच्या सूपमध्येही चालते, फक्त सूप हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावर घालावी लागते.

पावडरच्या लेबलावर दोन गोष्टी मी न चुकता तपासते. प्रयोगशाळेत प्रथिने बहुधा थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक अंकाने गुणतात, आणि १८८३ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल याने बसवलेली ही पद्धत आजही वापरात आहे. या पद्धतीला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही, म्हणून काही उत्पादक ग्लायसीन किंवा टॉरीन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून आकडा फुगवू शकतात. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी दिसली तर तो डबा परत ठेवावा. दुसरी गोष्ट कोलॅजनची. कोलॅजन पावडर पाण्यात सुरेख विरघळते, तिला वास नसतो, आणि त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्यांना ती सहज सुचवली जाते. परंतु कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे प्रथिनांच्या गुणवत्तेच्या प्रचलित मोजणीत त्याला शून्य मिळते. ते घ्यायचे तर घ्यावे, पण रोजच्या ६० ग्रॅममध्ये धरू नये.

मऊ अन्न सुरू झाले की अंडे आणि घट्ट दही या दोन वस्तूंपुढे बाकीचे बरेचसे फिके पडते. एका मोठ्या अंड्यात सहा ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिने असतात आणि ती जवळजवळ पूर्णपणे शरीराच्या कामी येतात. सुरुवातीला काहींना अंडे जड वाटते, आणि त्याचे कारण पुष्कळदा शिजवण्याच्या पद्धतीत असते. कडक उकडलेले किंवा कडा कुरकुरीत होईतो तळलेले अंडे कोरडे असते आणि अडकल्यासारखे वाटते, तर मंद आंचेवर थोडे दूध घालून ओलसर ठेवलेली भुर्जी सहज उतरते. त्या दुधात चमचाभर दुधाची पूडही मिसळता येते. कच्चे अंडे पेयात फेटून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण साल्मोनेलाचा धोका असतो आणि कच्च्या पांढऱ्या भागातली प्रथिने शिजवलेल्यापेक्षा कमी पचतात.

घट्ट दही विकतचे महाग असते, पण घरचे दही स्वच्छ कापडात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर निथळत ठेवले की तसाच चक्का तयार होतो. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडे लॅक्टोज निघून जाते, थोडी प्रथिनेही जातात, पण घासाघासातले प्रमाण दुपटीहून अधिक होते. विकतचे घेताना फळांच्या चवीचे टाळावे, कारण त्यात मिसळलेली साखर आपल्याला सोसत नाही.

कडधान्ये, सोया आणि टोफू यांच्याबाबत माझे मत संमिश्र आहे. एक किलो कोरड्या मसुरात अडीचशे ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात आणि पैशांच्या मापावर त्यांना तोड नाही, पण शिजल्यावर त्यांत पाणी आणि पिष्ट इतके भरते की शंभर ग्रॅममागे नऊच ग्रॅम प्रथिने उरतात. म्हणून पहिल्या महिन्यांत त्यांच्यावर सगळा भार टाकू नये. पुढे पोटात थोडी जागा झाल्यावर घट्ट शिजवून, घोटून घ्यावीत. सोया चंक्स किंवा त्यांचा चुरा कोरड्या वजनाच्या निम्मी प्रथिने देतात आणि फार स्वस्त असतात, मात्र ते पाणी शोषून फुगतात. ते गरम पाण्यात पूर्ण फुगवून, पिळून, बारीक वाटून मगच खावेत, आणि तेही नेहमीच्या आहारावर आल्यावरच. मऊ टोफू लवकर चालतो, पण त्यात पाणी जास्त असल्याने प्रथिने पाच-सात ग्रॅमच असतात. घट्ट टोफूत ती बारा ते पंधरापर्यंत जातात.

मासा आणि कोंबडी यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मासा मऊ आणि ओलसर असतो म्हणून तो आधी चालतो. डबाबंद मासा स्वस्त पडतो आणि काट्याने कुस्करून घट्ट दह्यात मिसळला तर उत्तम लागतो. कोंबडीचा छातीचा भाग प्रथिनांत श्रीमंत असला तरी कोरडा असतो, त्यामुळे तो रश्शात शिजवून बारीक केल्याशिवाय खाऊ नये.

शेंगदाण्याच्या लोण्याला प्रथिनांचा स्रोत म्हणून जी कीर्ती मिळाली आहे ती मला मान्य नाही. दोन मोठ्या चमच्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण त्यांबरोबर जवळजवळ १९० कॅलरी येतात आणि त्यांतल्या बहुतेक चरबीच्या असतात. चवीला अर्धा चमचा ठीक आहे. प्रोटीन बार महाग असतात, चिवट असतात, आणि साखरेऐवजी त्यांत घातलेल्या माल्टिटॉलसारख्या पदार्थांनी पोटात वायू आणि जुलाब होऊ शकतात. तयार पेयाच्या बाटल्या गुणवत्तेत बऱ्याच चांगल्या असतात, पण रोज वापरायच्या तर तिथे मुख्यतः सोयीचे पैसे मोजावे लागतात. प्रवासासाठी एखादी जवळ ठेवावी.

मऊ अन्नापुढे सरकलेल्या माणसाचा एक दिवस कसा बसतो ते सांगते. सकाळी पूड मिसळलेले दोनशे मिलिलिटर दूध दोन भागांत घेतले तर चौदा ग्रॅम, नंतर एका अंड्याची ओलसर भुर्जी सहा ग्रॅम, दुपारी शंभर ग्रॅम घट्ट दही आणि तीन-चार चमचे घोटलेले मसूर मिळून चौदा ग्रॅम, संध्याकाळी पुन्हा तसेच दूध चौदा ग्रॅम, आणि रात्री पन्नास ग्रॅम मासा बारा ग्रॅम, असे ६० ग्रॅम होतात. मासा न खाणाऱ्यांना त्याऐवजी पन्नास ग्रॅम घट्ट टोफू आणि तेवढेच घट्ट दही चालेल. यात पावडर कुठेही लागली नाही. ताटात जे काही असेल त्यातला प्रथिनांचा घास आधी खावा, वीस-तीस मिनिटे लावून नीट चावावे, आणि जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. दिवसभरात मात्र किमान दीड लिटर द्रव पोटात जायलाच हवे. लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे.

प्रमाण ठरवण्याचा अधिकार शेवटी आपल्या शल्यचिकित्सकाचा आणि आहारतज्ज्ञाचा आहे, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा शस्त्रक्रियेचा प्रकार आतड्याचा मोठा भाग वगळणारा असेल तर, कारण त्या प्रकारात प्रथिने ६० ग्रॅमपेक्षा बरीच जास्त लागतात. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळणे पुष्कळांना होते आणि ते सहसा थांबते. पण पायांवर सूज येऊ लागली, अशक्तपणा वाढत गेला किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर घरचे प्रयोग बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सतत उलट्या होणाऱ्याला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडून मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते, आणि त्यावर कुठल्याही पुडीचा उपयोग होत नाही.